अकरा, चौदा, सत्तावीस, छत्तीस: स्कीच्या उताराचा खरा आकडा कोणता?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाहीये ना, हे तुम्हाला तपासता येईल.

गुलमर्गला कोर्स केलात, मग दोन हंगाम अमेरिकेत टाहोला स्की केलंत. तिथल्या एका ‘ब्लॅक डायमंड’ म्हणजे अवघड दर्जाच्या रनवर (रन म्हणजे स्कीने उतरायची आखलेली वाट) तुम्ही आणि तुमचा भाऊ एकाच दिवशी उतरलात. तुमच्या मोबाइलमधलं ॲप म्हणतं सरासरी ११ अंश, जास्तीत जास्त ३६. भावाचं ॲप त्याच रनची सरासरी १४ सांगतं. उताराप्रमाणे रंग भरलेल्या नकाशावर तो भाग २७ अंशांचा दिसतो. आणि वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टमध्ये शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, “पंचेचाळीस तरी असेल.” आता फेब्रुवारीत ऑस्ट्रियात मायरहोफेनला जायचंय. तिथे ‘हाराकिरी’ नावाची ७८ टक्के उताराची पिस्ट आहे (रनला युरोपात पिस्ट म्हणतात). ७८ टक्के म्हणजे ३८ अंश हे तुम्ही बरोबर काढलंत, आणि पुढे लिहिलंत: “३६ अंश तर मी केलाच आहे, मग दोनच अंशांचा फरक ना?” शिवाय जास्त तीव्र उतार कोण उतरलं यावर भावाशी जेवणाची पैज.

पैजेचं शेवटी बघू. मला काळजी आहे ती त्या ‘दोनच अंशां’ची.

मी पेशाने सर्व्हेअर आहे. हिवाळ्यात शनिवार-रविवार सिएरा नेवाडामधल्या एका रिसॉर्टवर स्की पेट्रोलचं, म्हणजे उतारांवरच्या बचाव पथकाचं काम करते. म्हणजे आठवडाभर उतार मोजायचे आणि सुट्टीच्या दिवशी त्याच उतारांवरून जखमींना स्लेजमध्ये घालून खाली आणायचं. दोन्हीकडून एकच गोष्ट शिकले. रनला एक उतार नसतो. उतार असतो तो रनच्या एखाद्या तुकड्याला, आणि तुकडा किती लांबीचा धरला त्यावर आकडा ठरतो. लिफ्टमधल्या गृहस्थांचे ४५ सोडले तर तुमचे चारही आकडे एका अर्थी खरे आहेत, फक्त ते चार वेगवेगळ्या लांबींवर आणि वेगवेगळ्या तऱ्हेने मोजलेले आहेत. त्यातला एक उचलून दुसऱ्याच तऱ्हेने मोजलेल्या आकड्याशेजारी ठेवला की ‘दोनच अंश’ निघतात.

अंश आणि टक्के यांचा घोळ आधी मिटवून टाकू. टक्के म्हणजे आडव्या शंभर मीटरला किती मीटर उतरलात. आपल्या खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के, जेमतेम दीड अंश. तेवढ्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. स्कीच्या जगात २५ टक्के म्हणजे १४ अंश, ४० टक्के म्हणजे २२, ५८ टक्के म्हणजे ३०, ७० टक्के म्हणजे ३५, ८४ टक्के म्हणजे ४०, आणि १०० टक्के म्हणजे ४५ अंश. शंभर टक्के ऐकलं की लोकांना सरळ कडा डोळ्यासमोर येतो. तसं नाही, शंभराच्या पुढेही टक्के जातात. इथे एक छुपा खड्डा आहे. काहीजण आडव्या अंतराऐवजी बर्फावरून मोजलेल्या अंतराने भागतात. उतार कमी असेल तर फरक नगण्य पडतो. ३८ अंशांवर मात्र आडव्या अंतराने ७८ टक्के येतात आणि बर्फावरच्या अंतराने ६२. कुठलाही टक्का ऐकला की भागायला अंतर कोणतं धरलंय हे विचारायची सवय लावून घ्या.

आता तुमचे आकडे एकेक करून घेऊ.

तुम्ही लिहिलंय की रनची उंची, म्हणजे माथा आणि पायथा यांतला फरक, २९० मीटर आणि रिसॉर्टच्या नकाशावरची लांबी सुमारे १,२०० मीटर. त्यावरून सरासरी १४ अंशच येते, म्हणजे भावाचं ॲप बरोबर. मग तुमचं ११ का? कारण ॲप रनची लांबी मोजत नाही, तुमच्या वाटेची लांबी मोजतं. तुम्ही नव्या, त्यामुळे रुंद वळणं घेत या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला असणार. तुमची वाट दीड किलोमीटर झाली असेल, तर २९० भागिले १,५०० केल्यावर बरोबर ११ अंश निघतात. भाऊ बहुधा सरळसोट आला. डोंगर तोच, बर्फ तोच, आणि नागमोडी वाटेने तीन अंश खाल्ले. म्हणून ॲपची सरासरी ही उतरणाऱ्याची वाट सांगते, तिच्यावरून दोन रनची तुलना करू नका. रनची उंची आणि नकाशावरची मधली रेघ घेऊन हिशोब करा.

पण अगदी बरोबर काढलेली सरासरीसुद्धा फारसं काही सांगत नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रियातच, मायरहोफेनपासून फार लांब नसलेल्या किट्सब्यूलची ‘श्ट्राइफ’. डाउनहिल शर्यतीची ही जगातली सर्वांत धसक्याची उतरण समजली जाते. लांबी ३,३१२ मीटर, उंचीतला फरक ८६० मीटर. आडव्या अंतराने भागून बघा, सरासरी निघते २७ टक्के, १५ अंश. तुमच्या रनपेक्षा एकच अंश जास्त! नुसती सरासरी बघून एखादा म्हणेल की ही तर मध्यम स्कीअरची पिस्ट. पण सुरुवातीच्या ‘माउसफाले’ म्हणजे ‘उंदराच्या पिंजऱ्या’ला उतार ८५ टक्के आहे, ४० अंश. मधे लांब सपाट भाग आहेत, तिथे वेग टिकवण्याची कसरत. ते सपाट भाग माउसफालेचा उतार सरासरीत बुडवून टाकतात. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची ‘लाउबरहॉर्न’ ही शर्यतीची उतरण तर साडेचार किलोमीटरच्या आसपास लांब आणि उंचीत १,०२८ मीटर. तिची सरासरी २५ टक्क्यांच्याही आत येते.

मग जास्तीत जास्त उताराचा आकडा धरावा? तुम्ही तेच केलंत, आणि माझा मोठा आक्षेप त्यावरच आहे. ॲपला तो ३६ कुठून मिळाला बघा. मोबाइल साधारण दर सेकंदाला एक नोंद घेतो. सेकंदाला १५ मीटर वेग असेल तर दोन नोंदींमध्ये बर्फावरचे १५ मीटर. २७ अंशांच्या उतारावर तेवढ्यात तुम्ही खरोखर ६.८ मीटर उतरता आणि आडव्या १३.४ मीटर पुढे जाता. आता जीपीएसची उंची ही त्याच्या जागेपेक्षा नेहमीच कच्ची असते. त्या एका नोंदीत तीन मीटर इकडेतिकडे झाले, तर ॲपच्या लेखी तुम्ही ९.८ मीटर उतरलात आणि उतार झाला ३६ अंश. तीन मीटरांची चूक ही चूक म्हणण्याइतकीही मोठी नाही, जंगलाच्या कडेला तर रोजचीच. आणि शेकडो नोंदींमधला सर्वांत मोठा आकडा निवडायचा म्हटलं की सर्वांत मोठी चूक निवडून येणारच. काही फोनमध्ये हवेच्या दाबावरून उंची काढतात. ती जास्त स्थिर असते, पण जॅकेटच्या खिशात वाऱ्याचा झोत शिरला की तीही हलते.

तो ३६ पूर्ण खोटाच असेल असं म्हणत नाही. एखाद्या मोगलच्या, म्हणजे रनवरच्या बर्फाच्या उंचवट्याच्या पुढच्या तोंडाला, दोन-तीन मीटरांपुरता, तेवढा उतार असूही शकतो. पण दोन-तीन मीटर उतार म्हणजे पायरी. तिच्यावर तुम्ही वळत नाही, फक्त ओलांडता.

राहिला नकाशावरचा २७. हा मला सगळ्यात जवळचा वाटतो, पण तोही कशावरून आला ते बघायला हवं. असे नकाशे जमिनीच्या उंचीच्या चौकटींवरून बनतात. चौकट १० मीटरची असेल, तर एका चौकटीचा उतार शेजारच्या चौकटी बघून काढतात, म्हणजे प्रत्यक्षात २०-३० मीटरांवरचा उतार मिळतो. अमेरिकेच्या बऱ्याच भागात आता लेझरने मोजलेली एक मीटरची माहिती फुकट मिळते, स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशांवर ३० अंशांपुढचे उतार वेगळ्या रंगात दाखवतात. याउलट जगभर सहज मिळणारी माहिती आहे ३० मीटरच्या चौकटींची. त्यातली एक २००० सालच्या फेब्रुवारीत अवकाशयानातून रडारने मोजलेली, आणि तिला झाडांचे शेंडे आणि जमीन यांतला फरक नीट कळत नाही. दाट जंगलात ४० मीटर रुंदीची रन कापलेली असेल, तर तिच्या लेखी तिथे रन जवळपास नसतेच. गुलमर्गचे आकडे अशा नकाशावरून काढणार असाल तर हे ध्यानात असू द्या.

याची मला अद्दल घडली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका अरुंद घळीचा उतार मी ३० मीटरच्या चौकटींवरून काढला आणि पेट्रोलच्या खोलीत मोठ्या ऐटीत सांगितलं, तेहेतीस. जुन्या पेट्रोलरने काहीच वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मला तिथे घेऊन गेला, हातात क्लायनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन) दिला आणि म्हणाला, मोज. एक्केचाळीस. घळ १५ मीटर रुंद होती. माझ्या चौकटीत ती घळ, वरचा सपाट माथा आणि खालचा पसरट भाग सगळंच कालवून गेलं होतं. सर्व्हेअर म्हणून मला हे समजायला हवं होतं, समजतही होतं, पण संगणकावर रंगीत चित्र आलं की माणूस भुलतो. तेव्हापासून माझा नियम असा की मोठ्या चौकटींचा आकडा हा किमान आकडा समजायचा. प्रत्यक्ष जागा त्याहून तीव्र निघण्याचीच शक्यता जास्त.

आणि लिफ्टमधल्या गृहस्थांचे ४५? त्यांना नावं ठेवू नका. डोळा उतार नेहमी फुगवून सांगतो, मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केलेत. पाच अंशांचा साधा चढ लोकांना वीस अंशांचा वाटतो. वरून बघताना उताराचा फुगवटा पुढचं झाकतो, म्हणून कडा वाटतो. समोरून बघताना आडवं अंतर आक्रसतं आणि उंची तेवढीच राहते, म्हणून गाडीतळावरून प्रत्येक रन भिंतीसारखी दिसते. आपल्याकडे तेच होतं. हरिहरच्या पायऱ्या ऐंशी अंशांच्या आहेत असं सगळीकडे लिहिलेलं वाचाल. ऐंशी अंशांवर २० सेंटिमीटर रुंद पायरी असेल तर दोन पायऱ्यांमधली उंची एक मीटरच्या वर जाईल. त्या पायऱ्या चढलेल्या माणसाने आपल्या गुडघ्याला विचारावं. टाहोमध्ये ‘केटी-२२’ नावाचं शिखर आहे. तिथून उतरताना सँडी पोल्सन यांनी उभ्या-उभ्या पाय फिरवून घ्यायची २२ ‘किक टर्न’ घेतली, म्हणून ते नाव. मला हे नाव फार आवडतं. अंशांपेक्षा प्रामाणिक माप आहे: मला किती वेळा थांबून वळावं लागलं.

तर तुलना करायची कशी? मी तीन लांब्या धरते. पहिली, पूर्ण रन. तिची सरासरी मांड्या किती भरून येतील एवढंच सांगते. दुसरी, रनमधले सर्वांत तीव्र सलग १०० मीटर, बर्फावरून मोजलेले. तिसरी, सर्वांत तीव्र २० मीटर. दोन रनची तुलना मी नेहमी मधल्या मापाने करते. १०० मीटरांत मध्यम स्कीअरला आठ-दहा वळणं घ्यावी लागतात. एखाद-दुसरं वळण नशिबाने जमतं, आठ जमवायला तंत्र लागतं. शिवाय पडलात तर घसरत जाण्याची लांबीही साधारण याच हिशोबातली असते. २० मीटरचं माप मी हिमप्रपाताच्या, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून कोसळण्याच्या विचारासाठी ठेवते. पाटीसारखे सुटणारे बहुतेक हिमप्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात, आणि तिथे उताराच्या सर्वांत तीव्र छोट्या तुकड्याला महत्त्व असतं, सरासरीला नाही. गुलमर्गला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर, अफरवटला गेलात आणि राखलेल्या भागाबाहेर उतरायचा मोह झाला, तर हेच माप कामाचं. पण तिथे नुसत्या मापावर जाऊ नका, स्थानिक पेट्रोलच्या सूचना आणि गाइड हवाच.

आमच्याकडे दोन रनवरून पेट्रोलरांमध्ये वर्षानुवर्षं वाद होता, कोणती जास्त तीव्र. एका वसंतात कंटाळून मी फीत आणि क्लायनोमीटर घेऊन दोन्ही मोजल्या. पहिलीचे १०० मीटर ३१ अंश, दुसरीचे २८. पण दुसरीत एका वळशाला २० मीटर ३७ अंशांचे निघाले, पहिलीत कुठेच ३३ च्या वर नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, दोघं वेगळ्या लांबीबद्दल बोलत होते. वाद मिटला का? नाही. आता लांबी कोणती धरावी यावर चालू आहे.

प्रत्यक्ष जागेवर मोजायचं असेल तर महागडं काही लागत नाही. आधी उताराची खरी दिशा ठरवा. पाण्याचा तांब्या ओतला तर पाणी ज्या वाटेने जाईल ती दिशा. रन त्याच दिशेने जाते असं गृहीत धरू नका. कित्येक रन डोंगराला तिरक्या कापतात. वाट स्वतः १० अंशांची, पण एका बाजूला ३० अंशांनी पडणारी. अशा जागी पाय सतत एका बाजूला ओढले जातात. आता त्या दिशेने स्कीची काठी बर्फावर आडवी ठेवा, हलकी दाबा, म्हणजे मधले खड्डे-उंचवटे भरून निघतात. काठीवर फोन लांब कडेने ठेवा. पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याचा उंचवटा दोन अंश सहज बदलून टाकतो. पाणसळीचं ॲप वाचा, मग फोन उलट फिरवून परत वाचा आणि दोन्हींची सरासरी घ्या, म्हणजे फोनमधली स्वतःची चूक निघून जाते. वीस-वीस पावलं खाली सरकत पाच ठिकाणी हेच करा. आणि हे सगळं रनच्या कडेला, वरून येणाऱ्यांना दिसाल अशा जागी. फुगवट्याच्या खाली उभं राहून फोन बघणाऱ्यांना आम्ही काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

फोन थंडीने मेला, तरी दोन सारख्या लांबीच्या काठ्या पुरतात. एक काठी उताराच्या दिशेने बर्फावर दाबून ठसा उमटवा. तिचं वरचं टोक जागेवर ठेवून खालचं टोक उचला. उचललेल्या टोकापासून दुसरी काठी ओळंब्यासारखी लोंबती सोडा. लोंबत्या काठीचं टोक ठशाच्या खालच्या टोकाला बरोबर टेकलं तर उतार ३० अंश. ते ठशाच्या पुढे, म्हणजे आणखी खाली टेकलं तर उतार जास्त, अलीकडे टेकलं तर कमी. एक मीटर वीसच्या काठ्यांना दर १० सेंटिमीटरला साधारण तीन अंश धरा. सारख्या बाजूंचा त्रिकोण आहे, शाळेतला.

घरबसल्या करायचं असेल तर समोच्च रेषांचा नकाशा घ्या. एकास २५ हजारच्या नकाशावर २० मीटरच्या रेषा असतील, तर दोन रेषांमध्ये १.४ मिलिमीटर म्हणजे ३० अंश, १.१ म्हणजे ३५, आणि एक मिलिमीटरच्या किंचित आत म्हणजे ४०. बघा, ३० आणि ४० मधला फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही. म्हणून दोन रेषांवर विसंबू नका, चार-पाच रेषांचं अंतर एकदम मोजून भागा.

रंगांबद्दलही विचारलं होतंत. अमेरिकेतला हिरवा गोल, निळा चौकोन, काळा डायमंड ही चिन्हं १९६० च्या दशकात रुजली, पण ती त्या-त्या रिसॉर्टच्या आत तुलनेसाठी आहेत. इथला काळा तिथला निळा निघू शकतो. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत त्यामानाने आकड्याला धरून चालतात: निळी पिस्ट २५ टक्क्यांपर्यंत, लाल ४० पर्यंत, त्यापुढे काळी, मोकळ्या जागेतले छोटे तुकडे वगळून. आणि चांगली गोष्ट म्हणजे तिथे वाटेच्या एका बाजूला पडणारा आडवा उतारही मोजतात, नुसता वाटेचा नाही. तुमच्या टाहोच्या रनचे सर्वांत तीव्र १०० मीटर २७ अंशांचे असतील, म्हणजे ५१ टक्के, तर कागदावर ती तिथेही काळीच ठरेल. म्हणजे ऑस्ट्रियातल्या लाल पिस्ट तुम्हाला झेपाव्यात. हाराकिरीला ‘काळी’ म्हटलं तर ते खोटं नाही, पण काळ्याला वरची मर्यादाच नाही. ४१ टक्केही काळी आणि ७८ टक्केही काळी, रंग एकच.

आता तो फरक खऱ्या मापाने बघा. तुमचे १०० मीटर २७ अंशांचे. हाराकिरीचे ३८ धरू, कारण तिचा तीव्र भाग एका पायरीपुरता नाही, सलग दर्शनी उतार आहे. फरक दोन अंशांचा नाही, अकरा अंशांचा. तुमचं वजन सामानासकट ६० किलो धरलं, तर २७ अंशांवर खाली ओढणारं बळ २७ किलोंच्या वजनाइतकं, ३८ अंशांवर ३७ किलोंइतकं. त्याच वेळी बर्फावरचा दाब ५३ वरून ४७ वर येतो, म्हणजे स्कीच्या कडांना धरायला कमी मिळतं. तिथे आडवं उभं राहिल्यावर वरच्या बाजूचा हात जरा लांबवला की बर्फाला लागतो, आणि घाबरलेला माणूस नेमका त्याच बाजूला कलतो. कलला की खालच्या स्कीवरचं वजन जातं आणि पाय निसटतात. त्यात ही पिस्ट यंत्राने सपाट केलेली असते. इतक्या उतारावर ते यंत्रही वर तारेने बांधून खाली सोडावं लागतं. सपाट केलेली म्हणजे मोगल नाहीत, हे वळायला सोपं. पण पडलात तर अडवायलाही काही नाही.

जमेल का, हे मी इथून सांगू शकत नाही. ते बर्फावर अवलंबून आहे, आणि बर्फ रोज बदलतो. आमच्याकडची एकच जागा मी एका डिसेंबरात ३४ मोजली आणि मार्चमध्ये ३०, कारण वाऱ्याने खालचा खळगा भरून काढला होता. सकाळी नऊला कडक असलेला ३५ अंश हा दुपारच्या मऊ ३५ अंशांपेक्षा वेगळाच प्राणी असतो. आदल्या रात्री कडाक्याची थंडी आणि त्याआधी ऊन, असं असेल तर मी स्वतः त्या पिस्टवर सकाळी पाय ठेवणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर पहिले दोन दिवस हाराकिरीकडे बघितलंही नसतं. ती ज्या पेंकेन डोंगरावर आहे तिथल्याच लाल पिस्टवर जाऊन त्यांचे सर्वांत तीव्र तुकडे काठी-फोनने मोजले असते. मग एखादा ३० ते ३३ अंशांचा सपाट केलेला तुकडा शोधून तिथे तीन गोष्टी करून बघितल्या असत्या: स्की आडव्या ठेवून शंभर मीटर नुसतं घसरत खाली यायचं आणि हव्या त्या जागी थांबायचं, रनच्या अर्ध्या रुंदीत दहा छोटी वळणं वेग न वाढवता घ्यायची, आणि हेच कडक बर्फावर परत करायचं. तिन्ही जमल्या तर तिसऱ्या दिवशी, बर्फ जरा सैल झाल्यावर, हाराकिरीच्या माथ्यावर जा आणि पहिले दहा मीटर फक्त आडवं घसरा. तिथून परत कडेला जाणं शक्य असतं, पन्नास मीटरांवरून नसतं. पहिली गोष्टच जमली नाही, तर गोंडोलातून फोटो काढा. वरून फोटोत उतार दिसत नाही, खालून काढलात तर भिंत येईल.

उरली पैज. तुमचा ३६ बाद, कारण ती बहुधा एका नोंदीची चूक आहे. भावाची १४ ची सरासरी खरी, पण ती तुम्हा दोघांनाही लागू. शंभर मीटरांवर दोघंही २७ अंश उतरलात, त्याच रनवर, त्याच दिवशी. फक्त तुम्ही त्यासाठी तीनशे मीटर जास्त चाललात, त्यामुळे जेवणात गोड तुमच्या आवडीचं आणि बिल निम्मं-निम्मं.